ड्रिपरचं सोवळं

मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडणाचं कारण तसं क्षुल्लक आहे. तुमच्या ओट्यावर तो पांढराशुभ्र जपानी शंकू आहे ना, ज्यातून तुम्ही रोज सकाळी घड्याळ लावून कॉफी गाळता? तो तुम्ही घ्यायला नको होता. बरं, घेतलात तर घेतलात. पण घरी आलेल्या माणसाला त्याला हात लावू द्यायला हवा होता. मी हे दुरून बोलत नाही. माझ्याही ओट्यावर तो आहे. त्याच्याबरोबर बगळ्याच्या मानेची केटल आहे, आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा आहे. म्हणजे भांडण थोडंसं घरातलंच आहे.

गेल्या दिवाळीत इथे लाइपझिगला आम्ही वीस-बावीस मराठी माणसं फराळाला जमलो होतो. त्यात मास्टर्सला नुकताच आलेला एक मुलगा होता. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, कॉफी मी करतो, आणि सॅकमधून त्याने स्वतःचा प्लास्टिकचा ड्रिपर काढला. सुपरमार्केटात चार-पाच युरोला मिळतो तो, पायलीसारखा, खाली निमुळता. पुढच्या पाच मिनिटांत तिघांनी त्याला घेरलं. प्लास्टिकचा? कागद आधी धुतलास का? पाणी किती अंशांवर आहे? असं मधोमध नाही ओतायचं रे, गोल फिरवत ओतायचं. मुलाने शांतपणे ड्रिपर पुसला, सॅकमध्ये परत ठेवला आणि म्हणाला, मी चहाच घेतो. त्या तिघांमधली एक मी होते. पाण्याच्या तापमानाचा प्रश्न माझा.

ज्यांना या प्रकरणाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कपावर एक नरसाळं ठेवायचं, त्यात कागद, कागदात दळलेली कॉफी, वरून गरम पाणी. बस. बाकी सगळी चर्चा या नरसाळ्याचा आकार, ते कशाचं आहे आणि त्याला खाली भोकं किती, यावर चालते. मी बेळगावची. आमच्या घरी चहा होता तसं स्टीलचं दुमजली फिल्टरही होतं, वरच्या डब्याच्या बुडाला बारीक भोकं असलेलं. रात्री आजी त्यात पूड भरून उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायची, सकाळी खालच्या डब्यात काळाभोर अर्क उतरलेला असायचा. तिने कधी कशाचं वजन केलं नाही. तिच्या कॉफीला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझा पोटापाण्याचा विषय म्हणजे मातीतून पाणी कसं झिरपतं. त्यामुळे ड्रिपरच्या गप्पांत मी नको तितकी शहाणी होते. तरी यातलं थोडं शास्त्र तुम्हाला सांगायलाच हवं, कारण माझी सगळी तक्रार त्यावर उभी आहे.

१८५६ साली हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर एक जाडजूड अहवाल छापला. त्यात वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने जातं, याचे प्रयोग होते. त्यातून निघालेला नियम आम्ही आजही रोज वापरतो. पाण्याचा वेग वरच्या दाबावर अवलंबून असतो, थराच्या जाडीवर असतो, आणि थर पाण्याला किती वाट देतो यावर असतो. ही वाट ठरवतो कणांचा आकार, आणि तोही वर्गाच्या हिशोबाने. कण निम्मे केले की पाण्याची वाट चौपट अवघड होते. कॉफीचा चोथा म्हणजे दुसरं काय? ओली वाळूच. तेव्हा तुमच्या कपात काय उतरेल हे आधी दळण ठरवतं. त्यातही दळताना पडणारी भुकटी. ती पाण्याबरोबर खाली सरकते आणि कागदाची भोकं बुजवते. नरसाळ्याचा नंबर यानंतर लागतो, आणि बराच नंतर लागतो.

मग नरसाळ्यांत फरक नाहीच का? आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे एकदा नीट बघा. जपानी व्ही६०ला खाली एकच मोठं भोक आहे. पाण्याला ते मुळीच अडवत नाही, म्हणून वेग सांभाळायचं सगळं काम तुमच्या हाताकडे आणि दळणाकडे जातं. हात स्थिर, दळण एकसारखं, तर त्यातून फार सुंदर कॉफी निघते. हे मी मान्य करते, मला ती आवडते. पण हात जरा चुकला की एका बाजूने पाणी पळतं आणि कप आंबट, पाणचट होतो. जर्मन पायलीवजा ड्रिपरचं भोक बारीक असतं. पाणी थोडं तुंबतं, हळूहळू उतरतं. तुम्ही घाईत ओता, मधोमध ओता, फोनवर बोलत ओता, भोक आपल्या चालीनेच सोडतं. चुका पोटात घालणारं भांडं आहे ते. स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर ते घेऊ नका. सकाळी साडेसहाला अर्धवट झोपेत कॉफी करायची असेल तर मला सांगा, दोन्हींपैकी घरात कोणतं हवं?

आता चिनीमातीचं. चिनीमाती उष्णता धरते, असं सांगून ती विकली जाते. धरते, पण ती उष्णता कुणाची? तुमच्या पाण्याची. साधारण चारशे ग्रॅमचा ड्रिपर २० अंशांवरून ९० अंशांवर न्यायचा तर २५ किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. तेवढ्यात पाव लिटर पाणी चोवीसेक अंशांनी तापेल. तीन मिनिटांत तो पूर्ण तापत नाही हे खरं, म्हणून प्रत्यक्षात फटका कमी बसतो, पण बसतो. म्हणूनच तर आधी उकळतं पाणी ओतून भांडं गरम करा असं सांगतात. पातळ प्लास्टिक उष्णतेचं मंदवाहक, वजनाला हलकं, ते पाण्याकडून फारसं काही घेतच नाही. त्या मुलाचा ड्रिपर आमच्या तिघांच्या ड्रिपरपेक्षा तापमानाला जास्त प्रामाणिक होता, आणि हे गणित त्या खोलीत सगळ्यांत चांगलं मला येत होतं. मी गप्प बसले नाही ते नाहीच, वर त्यालाच प्रश्न विचारला. प्लास्टिकमध्ये गरम पाणी ओतायचं म्हटलं की काहींच्या अंगावर काटा येतो, तेही मी समजू शकते. त्यांनी त्याच पायलीच्या आकाराचा चिनीमातीचा घ्यावा, तोही मिळतो, आणि आधी गरम करून घ्यावा.

या सगळ्या प्रकाराची जन्मभूमी माझ्या घरापासून रेल्वेने सव्वा तासावर आहे, ड्रेस्डेनला. १९०८ साली मेलिटा बेंट्स नावाची पस्तिशीची गृहिणी रोजच्या कॉफीला वैतागली होती. तेव्हा कॉफी उकळायचे, ती कडू व्हायची, तोंडात चोथा यायचा, आणि गाळायची कापडं धुणं हा वेगळा ताप. तिने एका पितळी भांड्याच्या बुडाला भोकं पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद कापून आत बसवला आणि वरून पाणी ओतलं. त्याच वर्षी २० जूनला बर्लिनच्या पेटंट कार्यालयात तिच्या गाळणीची नोंद झाली. डिसेंबरात कंपनी नोंदवली गेली, भांडवल ७३ फेनिश. मार्क नव्हे, फेनिश, म्हणजे आपल्या हिशोबात रुपयाही नाही, पैसे. राहत्या घरातच धंदा सुरू झाला, नवरा आणि मुलं कामाला. पुढच्या वर्षी इथल्या, लाइपझिगच्या जत्रेत त्यांच्या हजाराहून अधिक गाळण्या खपल्या. आज सुपरमार्केटात मिळतो तो पायलीचा आकार आणि त्याचा तो कागद १९३०च्या दशकात आला, तोवर कंपनी मिंडेनला गेली होती. (कंपनीचा सगळाच इतिहास ओवाळावा असा नाही. नाझी काळात तिला ‘आदर्श कारखाना’ म्हणून मिरवलं गेलं आणि युद्धात तिथे वेठबिगारीचे मजूर राबले. ते मेलिटाबाईंनी कारभार मुलांकडे दिल्यानंतरचं, पण आहे ते आहे.)

मी मेलिटाबाईंची आरती करत नाहीये. मला एवढंच दाखवायचं आहे की ही वस्तू कशासाठी जन्माला आली. घरात कुणालाही, काही न शिकता, स्वच्छ कॉफी करता यावी म्हणून. त्याआधी चांगली कॉफी करणं म्हणजे हातखंडा लागे, नजर लागे, वेळ लागे. टिपकागदाने ते सगळं अनावश्यक करून टाकलं. आणि शंभर वर्षांनी आपण काय केलं? काढून टाकलेलं कौशल्य जास्त पैसे मोजून परत आणलं आणि ज्याला ते जमत नाही त्याला स्वयंपाकघराबाहेर उभं केलं.

कॉफी कुणी प्यावी आणि कशी, यावर या भागात आधीही पुष्कळ हुकूम निघाले आहेत. शेजारच्या प्रशियात दुसऱ्या फ्रेडरिक राजाला कॉफीपायी देशाबाहेर जाणारा पैसा खुपत होता. प्रजेने बिअर प्यावी, असं त्याचं मत. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजणं सरकारी मक्तेदारीत घातलं आणि चोरून भाजणाऱ्यांना पकडायला निवृत्त, जायबंदी सैनिक नेमले. ते रस्त्यांतून वास घेत हिंडायचे. लोक त्यांना ‘काफेरीशर’ म्हणत, कॉफी हुंगणारे. सॅक्सनीत तर गरिबीच्या कॉफीला नावच आहे, ‘ब्ल्यूमशेनकाफे’, फुलाची कॉफी. इतकी पातळ की कपाच्या तळाला रंगवलेलं फूल दिसावं. आणि १९७७ साली, ब्राझीलमधल्या दव गोठवणाऱ्या थंडीनंतर कॉफी कडाडली तेव्हा, पूर्व जर्मनीच्या सरकारने अर्धीअधिक कॉफी आणि उरलेलं धान्य, वाटाणे, चिकोरी असं काहीबाही घातलेलं मिश्रण बाजारात आणलं. लोकांनी पश्चिमेकडच्या एका महागड्या ब्रँडच्या नावावर कोटी करून होनेकरसाहेबांच्या नावाने त्याची टर उडवली, आणि तक्रारींचा असा पाऊस पाडला की ते मागे घ्यावं लागलं. त्या वाटाण्याच्या पिठाने यंत्रांच्या गाळण्या तुंबायच्या. डार्सीला कळलं असतं का ते.

आपल्याकडे या बाबतीत चहाची गोष्ट आहे आणि ती तुम्हाला ठाऊक असेल. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, पुण्यातली बरीच बडी मंडळी होती. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळरावांनी ती नावं वर्तमानपत्रातून बाहेर काढली आणि मग जे ग्रामण्य उभं राहिलं ते दोन वर्षं पुरलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही अखेर घेतलं. चहाच्या एका कपापायी! आपण ही गोष्ट हसत सांगतो. किती मागासलेले होते नाही, असं म्हणतो.

पण सोवळं म्हणजे तरी काय होतं? अमुक भांडं, अमुक पाणी, अमुक क्रम, आणि अमुक माणसाचा हात नको. आता आपल्या ओट्यावर या. भांडं ठरलेलं, पाणी ठरलेलं (काही जण तर शुद्ध पाण्यात क्षार मोजून घालतात), क्रम सेकंदांत ठरलेला. आणि चौथं? चौथ्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. जातीचं सोवळं आणि कॉफीचे नखरे एकाच मापाचे, असं मला म्हणायचं नाही. एकाने लोकांची आयुष्यं नासली, दुसऱ्याने फार तर एखादी दुपार. तरी ‘तू हात लावू नकोस’ म्हणताना जीभ वळते ती त्याच वळणावर.

बाबा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच फेरी. नव्वद दिवसांचा व्हिसा होता. आयुष्यभर पहाटे पाचला उठलेला माणूस. बेळगावला ते उठून आधी घरात सगळ्यांसाठी काहीतरी गरम करणार, मग पेपर. इथे तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्यावर कॉफी तयार. माझ्या शंकूतून केलेली. पूड डोळ्यांच्या अंदाजाने, पाणी उकळतं, सगळं एकदम ओतलेलं, आणि कागद एका बाजूने फाटून चोथा कपात उतरलेला. तो नव्या पिशवीचा पहिला दिवस होता. अडीचशे ग्रॅमला मी चौदा युरो मोजले होते, इथिओपियातली कॉफी. मी चिडले नाही. अगदी गोड आवाजात म्हणाले, “बाबा, तुम्ही नका करत जाऊ. याचं माप असतं. मी उठले की करत जाईन.”

“होय की,” बाबा म्हणाले. “असू दे. मला काय कळतंय त्यातलं.”

त्यानंतर ते रोज मी उठायची वाट बघत टेबलाशी बसलेले असायचे, दिवा न लावता. मी उठले की काट्यावर कप ठेवायची, घड्याळ लावायची, ओतायची आणि ते बघत राहायचे. मला वाटायचं, बाबांना मजा वाटतेय. एकदा तर मी त्यांना तो फुगवटा दाखवला, ताज्या कॉफीतून कर्ब-वायू कसा निघतो ते. ते ‘वा’ म्हणाले.

पाचेक आठवडे गेले आणि एका शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजी चष्म्याचं घर घेऊन वर आल्या. तुमचे वडील विसरले, म्हणाल्या. कुठे? तर त्यांच्या स्वयंपाकघरात. बाबा सकाळी सहाला कचरा टाकायला खाली जायचे, तिथे त्यांची आणि या बाईंची गाठ पडली होती, आणि महिनाभर रोज ते दोघं तिच्याकडे कॉफी पीत होते. तिला इंग्रजी येत नाही, बाबांना जर्मन येत नाही. मी त्यांच्याबरोबर खाली गेले. खिडकीशी दोन कप, साखरेचं भांडं, आणि तपकिरी प्लास्टिकचा एक ड्रिपर, पायलीच्या आकाराचा, कडेला तडा गेलेला, किती वर्षांचा कोण जाणे. त्या म्हणाल्या, तुमचे वडील फार छान ओततात, आता मी त्यांनाच करायला सांगते.

बाबांनी त्या दिवशी माझ्यासाठी कॉफी केली. पूड चमच्याने, पाणी केटलमधून दोनदा. पातळ होती थोडी, फुलाची कॉफी म्हणावी अशी, पण स्वच्छ, गोडसर. चोथा नाही, कडूपणा नाही. शंकूत त्यांच्या हातून जे बिघडलं, ते इथे त्याच हातातून नीट उतरत होतं. भांड्याचा फरक तो हाच. हा प्रयोग मला प्रयोगशाळेत करता आला असता, पण सुचला नसता.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या अपराधी भावनेचं ओझं आमच्या ड्रिपरवर का टाकतेस. तुम्ही घरी एकटे आहात, हौस आहे, स्वतःच्या कमाईतून घेतलंय. मान्य. हौसेला माझा विरोध नाही. गाणं शिकणाऱ्याने तानपुरा चांगला घ्यावाच. पण आपल्यातले कितीजण हौसेने घेतात आणि कितीजण परीक्षेला बसल्यासारखे? परदेशात आलं की कशाचीच खात्री नसते. भाषेची नसते, व्हिसाची नसते, नोकरीची नसते. मग जिथे अचूक उत्तर असतं अशी एखादी जागा सापडली की आपण तिला चिकटतो. पंधरा ग्रॅम, अडीचशे ग्रॅम, ९४ अंश, तीन मिनिटं. त्यात आपण पास होतो. आणि पास झालेल्याला मग नापास कुणीतरी लागतोच. कधी सॅकवाला मुलगा, कधी बाप.

माझंच सांगते. जर्मनीत विद्यापीठीय संशोधकांची कंत्राटं २००७च्या एका कायद्याने बांधलेली आहेत. डॉक्टरेटच्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं, नंतर सहा, तीही तुकड्या-तुकड्यांनी. २०२१ साली त्याविरुद्ध ‘मी हाना आहे’ म्हणत हजारो संशोधकांनी आरडाओरडा केला, कारण मंत्रालयाने हाना नावाच्या एका काल्पनिक संशोधिकेची गोड गोड चित्रफीत काढून हा कायदा समजावून सांगितला होता. कायदा अजून आहे. आठ वर्षांत हे माझं तिसरं शहर आणि चौथं घर, आणि या ऑक्टोबरात पाचवं. प्रत्येक वेळी मी चिनीमातीचा शंकू पायमोज्यांत गुंडाळून नेला. एकदा तो फुटला तेव्हा मी रडले होते, आणि ते काही कॉफीसाठी नव्हतं.

असो. नुसती टीका करून तुम्हाला वाऱ्यावर सोडत नाही. घरात पहिल्यांदाच कॉफी गाळायची असेल, किंवा मुलगी-मुलगा इकडे शिकायला येतोय आणि त्याला काय घेऊन द्यावं असा प्रश्न असेल, तर असं करा.

ड्रिपर पायलीच्या आकाराचा, प्लास्टिकचा, सुपरमार्केटातला. कागद त्याच फळीवर असतो. त्याच्या दोन्ही शिवणी, खालची आणि बाजूची, विरुद्ध दिशांना दुमडायच्या, म्हणजे फाटत नाही. (बाबांचा फाटला तो शंकूच्या कागदाचा दुमड उघडा राहिला म्हणून. हे मी त्यांना सांगू शकले असते, अर्ध्या मिनिटाचं काम.) दळायला यंत्र लगेच नको. जर्मनीत मिळणारी दळलेली पाकिटं बहुतेक फिल्टरच्याच बेताची दळलेली असतात, आणि कॉफी भाजणारी दुकानं विचारलंत तर दळून देतात. पुढे पैसे साठले तर हाताने फिरवायची, दातेरी चक्क्यांची गिरणी घ्या. ड्रिपरवर वाचवलेले पैसे इथे घाला, चवीत खरा फरक इथे पडतो. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात मात्र बिया फिरवू नका. पातं कापत नाही, फोडतं, त्यामुळे अर्धी पूड रवा आणि अर्धी मैदा होते. त्या मैद्याने काय होतं ते वर डार्सीच्या प्रकरणात आलंच आहे.

पाण्याचं एक बघा. इथल्या पाण्याची कठिणता जर्मन अंशांत मोजतात. ८.४च्या खाली मृदू, १४च्या वर कठीण. तुमच्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर आकडा असतोच. बर्लिनसारख्या कठीण पाण्याच्या गावात राहत असाल तर त्यातले बायकार्बोनेट कॉफीचं आंबूसपण मारून टाकतात आणि महाग कॉफीही खडूसारखी लागते. तिथे गाळणीचा जग घ्या. नाहीतर सरळ जास्त भाजलेली, स्वस्त कॉफी प्या, कठीण पाण्यात ती बरी लागते. पाणी मृदू असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही.

करायचं असं. दोन मोठे चमचे पूड, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास, एका मोठ्या कपाला. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबायचं. पूड भिजेल इतकंच आधी ओतायचं, पुन्हा अर्धा मिनिट. मग उरलेलं दोन खेपांत. केटल साधी चालते. चहाचं चोचीचं पातेलं त्याहून चांगलं चालतं, कारण त्याची धार आपल्या हातात बसलेली असते. कडू लागली तर दळण जाड करा किंवा चमचा कमी करा, पाणचट लागली तर उलट. चव घ्यायची आणि बदलायचं. भाजीत मीठ आपण काट्यावर तोलून घालतो का?

आणि कॉफी महाग झाली आहे. २०२५च्या सुरुवातीला अरबिकाचे भाव न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला चार डॉलरच्या वर गेले होते, कधी नव्हे इतके. त्यात जर्मनी भाजलेल्या कॉफीवर किलोला २ युरो १९ सेंट असा वेगळा कर घेते, कॉफी चांगली असो की वाईट. म्हणजे वाया गेलेल्या एका कपाची हळहळ खरी आहे, मी ती नाकारत नाही. बाबांच्या त्या कपात पंधरा नाही, तीस ग्रॅम तरी गेली असेल. मी तेव्हाच हिशोब केला होता, एक युरो अडुसष्ट सेंट. हा आकडा मला अजून आठवतो याची मला लाज वाटते.

त्या मुलाला मी निरोप पाठवला होता, पुढच्या महिन्यात पाडव्याचं जेवण माझ्याकडे आहे, तुझा ड्रिपर घेऊन ये. त्याने उत्तर दिलं, “ताई, तो मी खोलीतल्या मित्राला दिला. मी पण व्ही६० घेतला.” सोबत फोटो. चिनीमातीचा, पांढराशुभ्र. आता त्याला काय सांगू?

बगळ्याच्या मानेची केटल मी विकायला काढली आहे. तापमान एका अंशापर्यंत बरोबर दाखवते. ऑक्टोबरच्या आत लाइपझिगला येऊन स्वतः घेऊन जावी लागेल. तीस युरो. घासाघीस चालेल.